निसर्गाला स्वतःचं मूल्य आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे?? हायडेगर वाचून गोंधळ

अर्धवट_वाचक
लोकहो मदत करा. मी मूळची पर्यावरणशास्त्रवाली, तत्त्वज्ञान आत्ता आत्ता वाचायला घेतलंय. आधी इंग्रजी वळणाचं पर्यावरण-नीतिशास्त्र वाचलं, तिथे कसं सरळ असतं, नदीला किंवा झाडाला स्वतःचं मूल्य आहे की फक्त माणसाच्या उपयोगापुरतं, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, पटलं नाही तरी कळतं तरी. आता जर्मन-फ्रेंच मंडळींकडे वळले तर मूल्य हा शब्दच कुणी नीट घेत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा टेक्नॉलॉजीवरचा निबंध दोनदा वाचला, ऱ्हाईन नदी, लाकडी पूल, चांदीचा प्याला... छान वाटतं पण शेवटी करायचं काय? ही नुसती जुन्या दिवसांची हळहळ आहे की यात खरंच काही दम आहे?

तळटीप
दम आहे, पण तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर शोधताय तो त्याचा प्रश्नच नाहीये. तो निबंध म्हणजे मुळात १९५३ चं, म्युनिकमधलं भाषण. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे यंत्रं नाहीत, जग आपल्याला *दिसतं कसं* याची ती एक रीत आहे, आणि या रीतीत प्रत्येक गोष्ट साठा म्हणून दिसते, मागणी आली की हजर. जुना लाकडी पूल दोन काठ जोडायचा, नदी नदीच राहायची. वीजकेंद्र आलं की नदी त्या केंद्राचा एक भाग होते, पाण्याचा दाब पुरवणारी. आता कुणी म्हणेल पण निसर्गरम्य ऱ्हाईन अजून आहेच की, तर तो तिथेच थांबवतो: आहे, पण कशी? पर्यटन उद्योगाने सहलींसाठी मागवलेला देखावा म्हणून. म्हणजे हळहळीची वाटही त्याने स्वतःच बंद केलीय, हे लोक वाचताना सोडून देतात.

मला त्यातला वनरक्षक जास्त आवडतो. आजोबांच्याच पायवाटेवरून फिरतो, तोडलेली लाकडं मोजतो, त्याला वाटतं आपण तेच काम करतोय. पण तो आता लाकूड उद्योगाच्या हाताखाली आहे, कळो न कळो. लाकूड कागदाच्या लगद्यासाठी, कागद वर्तमानपत्रांसाठी, आणि वर्तमानपत्रं लोकांची मतं एका साच्यात बसवण्यासाठी. म्हणजे माणूसही साठ्यातच जमा! 'मनुष्यबळ' हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा.

आता मूल्याचं. १९४७ च्या मानवतावादावरच्या पत्रात तो सरळ म्हणतो की एखाद्या गोष्टीला मूल्य *देणं* म्हणजेच तिला माणसाच्या मोजमापाखाली आणणं, मग तुम्ही कितीही मोठं मूल्य द्या. जंगलाला 'अनमोल' म्हणणारा आणि जंगलाचा भाव काढणारा एकाच टेबलावर बसलेत. पटो न पटो, पर्यावरणशास्त्रवाल्यांनी 'इकोसिस्टिम सर्व्हिसेस' (निसर्ग माणसाला पुरवतो त्या 'सेवा') म्हणताना हे एकदा तरी टोचून घ्यावं.

खडूस_काका
हायडेगरभक्ती पुरे. माणूस १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे याच विषयावरच्या १९४९ च्या ब्रेमेनच्या भाषणात त्याने यांत्रिक शेती आणि गॅस चेंबरमधलं प्रेतांचं उत्पादन, दोन्ही मुळात एकच असं म्हटलंय. १९५४ ला निबंध छापताना ते वाक्य गाळलं. सगळंच 'साठा' म्हटलं की कुणी कुणाला मारलं हा प्रश्नच पुसला जातो, हा नुसता माणसाचा दोष नाही, विचारातलीच खोट आहे.

त्यापेक्षा अडोर्नो आणि होर्कहायमर या दोन जर्मन विचारवंतांचं 'डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट' वाचा. अमेरिकेत निर्वासित असताना लिहिलेलं, १९४७ ला छापलेलं. त्यात ओडिसियस या ग्रीक वीराची गोष्ट आहे: खलाशांना गाण्याने भुलवून बुडवणाऱ्या सायरेन नावाच्या मायावी बायांचं गाणं ऐकायचंय पण बुडायचं नाही, म्हणून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि वल्ही मारणाऱ्यांच्या कानात मेण घालतो. निसर्गावर ताबा हवा तर आधी स्वतःच्या आतला निसर्ग दाबावा लागतो, आणि मग कुणालातरी वल्ह्यावर बसवावं लागतं. मालक कोण आणि राबतं कोण हे इथे दिसतं तरी. ऱ्हाईनच्या काठावर ते दिसत नाही.

तळटीप
काका, त्या वाक्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. वनरक्षक मात्र मी सोडणार नाही 😄

गोचीड
माझ्या नावावरून ओळखलं असेल मी काय सांगणार ते. उक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ, १९३४ चं त्याचं पुस्तक. गोचिडीचं जग म्हणजे फक्त तीन खुणा: घामातल्या ब्युटिरिक ॲसिडचा वास, अंगाची ऊब, आणि केस नसलेली कातडी. बाकी सूर्य, पानं, वारा तिच्यासाठी नाहीतच! रोस्टॉकच्या प्रयोगशाळेत उपाशी गोचीड १८ वर्षं जिवंत ठेवली होती असंही त्याने लिहिलंय. प्रत्येक जिवाला स्वतःचं जग असतं हा विचार पुढे सगळ्यांनी उचलला. हायडेगरने तर त्याआधीच, १९२९-३० च्या व्याख्यानांत, उक्सक्युलचं आधीचं लिखाण विचारात घेतलं आणि तरी प्राण्याला 'जगाने गरीब' ठरवलं, दगडाला जगच नाही, जग घडवणारा म्हणे माणूस. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा १९९७ च्या व्याख्यानात नेमका इथे अडतो. तो नागडा उभा, घरची मांजर बघतेय, आणि त्याला लाज वाटते. का वाटावी? आणि मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना 'प्राणी' या एका शब्दात कोंबायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आणि फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती विसरू नका. डावा हात उजव्याला लावून बघा, कोण स्पर्श करतंय आणि कोणाला होतोय हे सारखं उलटत राहतं. त्याचं म्हणणं, शरीर आणि जग एकाच पोताचे आहेत म्हणून हे जमतं. १९५६ ते ६० मध्ये निसर्गावर व्याख्यानं दिली आणि १९६१ ला गेलाच, पुस्तक अर्धवट राहिलं.

अर्धवट_वाचक
बापरे एवढं अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना! मूल्याबद्दलचं टोचलं खरं, कारण माझा अख्खा प्रोजेक्टच एका पाणथळ जागेची पैशातली किंमत काढायचा आहे 🙈 पण काका, किंमत नाही काढली तर फाइलमध्ये ती जागा शून्य धरतात, मग भराव टाकायला मोकळे. तेव्हा काय सांगायचं?

खडूस_काका
तेव्हा आकडा द्यायचा. पण अहवालात हेही लिहायचं की तिथे मासे कोण धरतं आणि भरावाचं कंत्राट कुणाला मिळणार आहे.