नंबर तोच ठेवून सिम बदलायचंय : शिनोळीत करू की बेळगावात?

उचगाव_वेस :
वडिलांचा बटणांचा फोन आहे. कर्नाटकचं प्रीपेड सिम, जुना नंबर. बँक, आधार, गॅस सगळीकडे तोच लावलेला, त्यामुळे नंबर जाऊन चालणार नाही. घरात या कंपनीची रेंज येत नाही, अंगणात यावं लागतं, म्हणून नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत न्यायचाय, म्हणजे पोर्ट करायचाय. सिम थोरल्या भावाच्या नावावर आहे आणि तो पुण्यात असतो. रिचार्ज संपलाय. शिनोळीतला दुकानदार म्हणतो, "आणा, आजच्या आज करून देतो." बेळगावात करण्यात आणि शिनोळीत करण्यात काही फरक पडतो काय? आणि पोर्टसाठी आधी रिचार्ज मारावा लागतो काय? जाणकारांनी सांगा की.

खानापूर_टॉवर :
फरक पडतो, आणि आपल्या भागात लोक इथंच फसतात. उचगाव कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग), शिनोळी महाराष्ट्र सर्कलमध्ये. (गोवाही त्याच महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो.) दुकानदार महाराष्ट्राचं सिम देणार असेल तर ते सर्कलबाहेरचं पोर्ट झालं. ३ जुलै २०१५ पासून तसं करता येतं, अडचण काही नाही, पण त्याला कामाचे पाच दिवस लागतात. सर्कलच्या आत तीन. रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत. म्हणजे "आजच्या आज" फक्त अर्ज होतो, नंबर नव्या सिमवर येत नाही. दुकान कुठं आहे यापेक्षा पाकिटातलं सिम कुठल्या सर्कलचं, ते विचारा आणि अर्जावर तेच लिहिलंय ना, ते बघा.

रिचार्ज संपला तरी १९०० ला मेसेज जायला पाहिजे. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना तसं बजावलंय, प्लॅन कुठलाही असो. मेसेज असा : इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर. पुढं शून्य किंवा ९१ लावू नका. ज्या सिमचा नंबर आहे त्याच सिमवरून पाठवायचा. दोन सिमच्या फोनमध्ये मेसेज भलत्याच सिमवरून जातो आणि लोक उत्तराची वाट बघत बसतात. उत्तर १९०१ वरून येतं, त्यात आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी, म्हणजे पोर्टसाठी दुकानात द्यायचा कोड असतो आणि त्याची शेवटची तारीखही. तो चार दिवसच चालतो.

आता नावाचं. सिम भावाच्या नावावर, तर दुकानात भावालाच उभं राहावं लागणार. आधार, फोटो, ओटीपी सगळं त्याचं. वडिलांच्या आधारावर पोर्ट टाकू नका. नंबर वडिलांच्या नावावर करायचा असेल तर आधी जुन्या कंपनीत नावबदल पूर्ण करा, मग पोर्ट. नावबदलाचा अर्ज चालू असताना यूपीसी मिळत नाही. भाऊ सणाला येणार असेल तर तो घरी पोचल्यावरच मेसेज टाका. आधी मागवून ठेवलात तर तो एसटीत असतानाच मुदत संपायची. त्याच्या आधारवर पुण्याचा पत्ता असेल तर कर्नाटकच्या सिमसाठी तो बाहेरगावचा ग्राहक धरला जातो. अशा वेळी इथला एखादा ओळखीचा माणूस, त्याचा पत्ता आणि नंबर विचारतात. तयारी ठेवा.

निपाणी_रिपेअर :
वरचं बरोबर. पण त्याच्याही आधी एक बघा : बटणांचा फोन टू-जी आहे की फोर-जी? जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. साध्या टू-जी फोनमध्ये ते सिम घातलं तर "सेवा नाही" एवढंच दिसणार. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांचं टू-जी आहे. रेंजसाठी बदलताय, तर शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम वडिलांच्याच फोनमध्ये घालून घरात, माजघरात, रात्री, असं दिवसभर बघा. स्मार्टफोनवरच्या काड्या मोजू नका, त्यात फोर-जीचं दिसतं आणि टू-जीचं चित्र वेगळं असतं.

शिवाय सीमेवरच्या घरात फोन पलीकडच्या टॉवरला चिकटतो. त्यामुळं सिम महाराष्ट्राचं होत नाही, ते रोमिंग. तेवढ्यासाठी सर्कल बदलायची गरज नाही. कर्नाटकचंच ठेवा, तीन दिवसांत काम होईल.

नवं सिम पट्टीवर येतं, तीन मापांच्या खाचा पाडलेलं. बटणांच्या फोनला बहुतेक वेळा सगळ्यात बाहेरचं मोठं माप लागतं. दुकानदार सवयीनं मधला बारका चिपचा तुकडा मोडून देतो, मग तो खोबणीत सैल बसतो आणि फोन आपटला की सिम गेलं. बाहेरच्या खाचेवरच मोडायला सांगा. जुन्या सिममध्ये साठवलेले नंबर आधी फोनमध्ये उतरवून घ्या, ते पोर्टबरोबर येत नाहीत.

उचगाव_वेस :
आभार. फोन टू-जीच आहे, म्हणजे एक पर्याय गळाला. मेसेज कसा जातो ते बघायला टाकला तर यूपीसी आला नाही, नकार आला. सिम खराब झालं म्हणून याच आठवड्यात भावानं त्याच कंपनीचं नवं सिम काढून दिलं होतं. त्यामुळं काय?

खानापूर_टॉवर :
त्यामुळंच. १ जुलै २०२४ पासून नियम आहे : सिम बदलून घेतल्यापासून सात दिवस यूपीसी देत नाहीत. कुणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून लगेच दुसरीकडं पळवू नये म्हणून. सात दिवस होऊ द्या, पुन्हा मेसेज टाका. तेव्हाही नकार आला तर मेसेजमध्ये कारण असतं. नेहमीची कारणं दोनच : या कंपनीत नव्वद दिवस झालेले नसणे, किंवा पोस्टपेडचं बिल थकलेलं असणे. पोस्टपेडवाल्यांनी पोर्टनंतरचं शेवटचं बिलही भरायचं. बुडवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडून नंबर बंद करवू शकते.

यूपीसी आला म्हणजे पात्रता तपासून झालेली असते, मग शेवटच्या टप्प्यात अडायची शक्यता कमी. अर्ज दिल्यावर मन बदललं तर चोवीस तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल, एक जागा, नंबर, असं १९०० ला पाठवा.

निपाणी_रिपेअर :
बदल होतो तेव्हा काही तास नंबर बंद असतो, बहुधा रात्री. जुनं सिम "सेवा नाही" दाखवेपर्यंत फोनमधून काढू नका, कारण तारीख-वेळेचा मेसेज त्यावरच येतो. मग नवं घाला, फोन बंद-चालू करा, पडताळणीचा नंबर लावायला सांगितलं असेल तर लावा. जुना शिल्लक बॅलन्स आणि प्लॅन गेला समजायचा, म्हणून आता मोठा रिचार्ज मारू नका.

हिंडलगा_बँकमित्र :
पैशांपुरतं माझ्याकडून. नंबर तोच असल्यामुळं बँकेत कळवायची गरज नाही. पण घरच्या कुणाच्या स्मार्टफोनमध्ये या नंबरवर यूपीआय चालू असेल तर सिम बदलल्यावर ते पुन्हा नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच सिममधून मेसेज जावा लागतो. नव्या सिमवर आधी मेसेजवाला प्लॅन मारा, मगच अॅप उघडा. डुप्लिकेट सिम काढल्यावर पहिले चोवीस तास मेसेज बंद ठेवतात, त्या दिवशी ओटीपीचं काम काढू नका.

आणि यूपीसी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. "तुमचा नंबर बंद पडणार, १९०० ला मेसेज करा आणि आलेला कोड वाचून दाखवा" असे फोन येतात. वडिलांना एवढंच सांगून ठेवा की १९०१ चा मेसेज फक्त दुकानात, समोर बसून दाखवायचा. पोर्टची फी दहा रुपयांच्या आत आहे, दुकानदार जादा मागत असेल तर कशाचे ते विचारा, बहुतेकदा तो पहिल्या रिचार्जचा हिशोब असतो.