‘माझी मैना’ आणि ‘मी डोलकर’ एकाच डब्यात ठेवली तर बिघडलं कुठे?

पत्र्याचा डबा:
आमच्या घरी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात कॅसेटी असायच्या. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, वामनदादा कर्डकांची भीमगीतं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतली कोळीगीतं, आणि आनंद-मिलिंद शिंद्यांच्या, लग्नात हमखास लागणाऱ्या. आईने त्यांची कधी वर्गवारी केली नाही. सकाळी प्रल्हाद शिंदे, दुपारी निवडण-टिपण करताना कोळीगीतं, 14 एप्रिलच्या आधी आठवडाभर फक्त वामनदादा. मी त्या डब्यावर वाढले आणि आजही माझ्या आवडीची गाणी तशीच एकमेकांना चिकटून बसलेली आहेत.

हल्ली ‘हे अस्सल लोकगीत, ते नुसतं पॉप’ अशी चाळण लावणारे भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक असलं की गाणं लोकगीत राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’चं काय करायचं? ती छक्कड, म्हणजे तमाशातलं लावणीच्या ढंगाचं गाणं, अण्णाभाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लिहिली. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावाकडच्या मैनेसाठी झुरतो आणि गाणं पुढे सरकता सरकता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होऊन जाते. हे वळण इतकं अलगद येतं की मी शंभरदा ऐकूनही ते नेमकं कुठल्या शब्दावर घडतं ते धरू शकलेले नाही. माझे मामा ती गायचे, त्यांना अण्णाभाऊंचं नाव माहीत नव्हतं.

मला वाटतं, लिहिणाऱ्याचं नाव विसरूनही लोक ज्या दिवशी गाणं गायला लागतात, त्या दिवशी ते लोकगीत होतं. मग ते ओवीतून आलेलं असो की कॅसेटमधून.

खाडीपलीकडे:
ताई, अण्णाभाऊंबद्दल बोललात ते मनापासून पटलं. पण त्याच डब्यात कोळीगीतं घातलीत तिथे माझा विरोध आहे.

‘मी डोलकर’ शांताबाई शेळक्यांनी लिहिलं, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायलं. गोड गाणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण डोलकर म्हणजे कोण, हे गाणाऱ्या दहा जणांना विचारा. बहुतेक जण सांगतील, होडीत डोलतो तो. डोल हे जाळं आहे. तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली लांबलचक पिशवी. समुद्रात रोवलेल्या खांबांना ती बांधायची, भरती-ओहोटीचं पाणी तोंडातून आत शिरतं आणि बोंबील, जवळा त्यात अडकतो. पाण्याची वेळ चुकली तर जाळं फाटतं. हे काम करणारा तो डोलकर. माझे वडील ते करायचे. शाळेच्या संमेलनात मला कमरेला रुमाल बांधून, हातात पुठ्ठ्याचं वल्हं देऊन याच गाण्यावर डुलायला लावलं होतं. वडील पहिल्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘वल्ह्याने डोल लागत नाही रे.’

आता आमच्या घरात काय गायलं जायचं ते सांगतो. आई उरणकडची आगरी. तिच्याकडे लग्नात धवलारीण असते. ती बाई धवले गाते, वाद्याशिवाय. मांडव घालताना वेगळा धवला, तांदूळ निवडताना वेगळा, हळद लावताना वेगळा. धवला संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे, म्हणजे लग्न ती बाईच लावायची म्हणा ना. आता सात वाजले की बेंजो पार्टी सुरू होते आणि धवलारणीला सांगतात, ‘मावशी, पाच मिनिटांत उरका.’ त्या बेंजोवर काय वाजतं? तुमच्या डब्यातलीच गाणी.

लोकांच्या तोंडी बसलं की लोकगीत, असं तुम्ही म्हणता. कुठल्या लोकांच्या?

हलगी शेकणारा:
मी पत्र्याच्या डब्याच्या बाजूने. आमच्या गल्लीत हलगी वाजवणारे दोनच म्हातारे उरले होते. 2016 ला ‘सैराट’ आला आणि त्यातल्या गाण्यांवर नाचता नाचता पोरं त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायला लागली. कातडं शेकायचं कसं, किती शेकलं की आवाज खणखणीत निघतो, जास्त शेकलं तर कसं तडकतं, हे मी तेव्हाच शिकलो. पॉप गाण्याने मला हलगीपर्यंत आणून सोडलं.

पहाटओवी:
मला दोघांशीही भांडायचं आहे.

मी जात्यावरच्या ओव्यांमध्ये गुंतलेली बाई आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. डबेवाल्या ताई, म्हणूनच तुमची ‘नाव विसरणं’ ही कसोटी मला सलते. बायकांची नावं कोणी विचारलीच नाहीत, म्हणून त्यांची गाणी ‘पारंपरिक’ झाली. त्या हरवण्याला आपण गाणं लोकांचं झाल्याची खूण कशी मानायची? आणि नाथांच्या भारुडात ‘एका जनार्दनी’ येतंच की. चारशे वर्षं लोक ते नावासकट गातात, त्याने भारूड लोकांचं व्हायचं थांबलं नाही.

खाडीपलीकडे, तुमचं दुःख कळतं. पण धवला बेंजोने मारला, हे मला अर्धंच खरं वाटतं. ओवी कुठल्या कॅसेटने मारली नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटे उठून दळायचं थांबलं. जात्याच्या फेऱ्याला जेवढा दम लागतो तेवढीच ओवीची ओळ, कामच गेलं तर ओळ कशावर बसणार? माझ्या आजीला खुर्चीत बसवून ओवी म्हणायला सांगितली तर तिसऱ्या ओळीला अडायची. हातात जात्याचा खुंटा दिला की तासभर थांबायची नाही. आणि ते जातं परत यावं असं मी म्हणणार नाही. तिचे खांदे मी पाहिलेत.

पत्र्याचा डबा:
पहाटओवी, नाव विसरण्याचं माझं म्हणणं मी मागे घेते. वामनदादांच्या गाण्यातसुद्धा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि आमच्या वस्तीत तो शब्द आला की सगळे आवाज चढवायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि लिहिताना कसं सुटलं, कळत नाही. मामांना अण्णाभाऊंचं नाव माहीत नव्हतं, ही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती.

पण खाडीपलीकडे, डब्यातून कोळीगीतं काढायला मी तयार नाही. माझी आई सिन्नरकडची, तिने समुद्र पाहिला तो वयाच्या चाळिशीत. त्याआधी तिच्याकडे जो समुद्र होता तो त्या गाण्यांतला. त्याला लोकगीत म्हणू नका हवं तर, कोळी नसलेल्यांनी कोळ्यांवर जीव लावून केलेलं गाणं म्हणा. आईच्या दुपारी त्यातच गेल्या. डोल म्हणजे जाळं हे मात्र आज तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?’

खाडीपलीकडे:
आईंना नमस्कार सांगा. त्यांचं गाणं काढून घ्यायचं नव्हतं मला. माझं भांडण आमच्याच मांडवातल्या स्पीकरशी आहे.

पहाटओवी, तुमच्या बोलण्यावर दोन दिवस विचार केला. दळण गेलं तशी हळद गेलेली नाही. विधी आहे, मांडव आहे, धवलारीण आहे, फक्त वेळ काढून घेतलाय. जातं परत आणता येणार नाही, पण वेळ देता येतो. पुढच्या महिन्यात मावसबहिणीची हळद आहे. बेंजोवाल्यांना साडेआठला बोलावलंय, धवलारीण साडेसहाला येणार. दोन तासांत तिचे सगळे धवले होतील का, हे तिलाही सांगता येत नाही. सलग म्हणून तिला बरीच वर्षं झालीत.

पहाटओवी:
तिचं नाव आणि गाव लिहून ठेवा. प्रत्येक धवल्यापुढे.