'स्टादिऑन' म्हणजे नेमके किती?

लूक २४:१३ मध्ये अम्माऊस गाव यरुशलेमेपासून किती लांब होते? एका मराठी बायबलात कोस दिसतात, दुसऱ्यात किलोमीटर. मुळात कोणता शब्द आहे?

— मूळ ग्रीकमध्ये 'साठ स्टादिऑन' आहे. स्टादिऑन म्हणजे ६०० ग्रीक फूट. पण फूटच गावोगाव वेगळा, त्यामुळे ऑलिंपियातली धावपट्टी सुमारे १९२ मीटर भरते आणि डेल्फीतली १७८ च्या आसपास. रोमन काळात आठ स्टादिऑनचा एक रोमन मैल धरत, त्या हिशेबाने एक स्टादिऑन सुमारे १८५ मीटर. साठ म्हणजे अकरा किलोमीटर, आपले साडेतीन कोस. काही जुन्या हस्तलिखितांत, त्यांत सिनाय हस्तलिखितही आले, १६० आहे. म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर! यरुशलेमेहून अम्माऊसला आलेले येशूचे दोघे शिष्य दिवस कलल्यावर उठून परत यरुशलेमेला गेले, हे वाचले की मला साठच पटते.

धावपट्टी म्हणालात, म्हणजे आपले 'स्टेडियम' यातलेच का?

— हो, लॅटिनमधून आलेले. १ करिंथ ९:२४ मध्ये, म्हणजे करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, प्रेषित पौल हाच शब्द अंतरासाठी नव्हे, शर्यतीच्या मैदानासाठी वापरतो. करिंथजवळ इस्थमसचे खेळ भरत, तिथल्या वाचकांना तो समजावून सांगावा लागला नसेल.

मग भाषांतरात सरळ किलोमीटर लिहायला काय हरकत?

— योहान ११:१८ ला हरकत नाही. मार्था आणि मरीया या बहिणींचे गाव बेथानी यरुशलेमेपासून पंधरा स्टादिऑनवर, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. भाऊ वारल्यावर त्यांच्या सांत्वनाला यरुशलेमेहून इतके लोक कसे आले, ते त्यावरून कळते. मला तिथे 'कोसभर' जास्त आवडेल, कारण कोसभर म्हटले की पायी जाऊन येण्याजोगी वाट डोळ्यांसमोर येते.

प्रकटीकरण २१:१६ मध्ये मात्र किलोमीटर घालू नयेत, असे मला मनापासून वाटते. दृष्टांतात दिसलेल्या नव्या यरुशलेम नगरीची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२,००० स्टादिऑन आहे. वेशी बारा, पाये बारा, तट १४४ हात, म्हणजे बारा गुणिले बारा. इस्राएलाचे बारा वंश आणि बारा प्रेषित या आकड्यांतून बोलतात. तिथे '२,२०० किलोमीटर' लिहिले की हिशेब बरोबर येतो आणि बारा नाहीसे होतात. मजकुरात 'बारा हजार स्टादिऑन' ठेवावे, किलोमीटर तळटीपेत द्यावेत.