पद्मिनीच्या स्टिअरिंगला हाताने चामडं शिवायचंय

जुनी_फियाट: नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ची पद्मिनी आहे, रविवारी रामबागेतून राजवाड्यापर्यंत फिरते. स्टिअरिंगच्या रिंगला दांड्यांपाशी तडे गेलेत. बाजारचं दोरी ओवायचं कव्हर डोळ्यांना बघवत नाही. चामडं हाताने शिवलं तर आतल्या बाजूला चुण्या पडतात म्हणे. काय करू?

रापीवाले_काका: आधी तडे बघा. करवतीच्या पात्याने जरा रुंद करून एपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारा. चामड्याखाली खड्डा लपत नाही, बोटाला लागतोच.

चामडं गायीचं, क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं, १ ते १.२ मिमी. सोफ्याचं जाड कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका.

आता चुण्या. चाक ४० सेंमीचं आणि रिंग २ सेंमी जाड धरली, तर बाहेरचा घेर १२६ सेंमी, आतला ११३. हा फरक चामड्यालाच जिरवायचाय. म्हणून पट्टी मधल्या घेराने, ११९च्या आसपास कापा. टोकं जोडून कडं करा आणि ओढूनताणूनच चढवा. सहज चढलं तर चुण्या पडल्याच समजा. रुंदीही रिंगच्या वेढ्यापेक्षा ३-४ मिमी कमीच हवी.

आणि आरीने भोकं पाडत बसू नका हो! कडं करण्याआधी दोन्ही काठांवर मशीनची मोठी टीप मारून घ्या, टाका ५ मिमीचा. घरच्या मशीनला झेपणार नाही, बॅगा शिवणाऱ्याकडे न्या. मग दोन बोथट सुया, मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, आणि फक्त टिपेच्या टाक्यांखालून ओवत जायचं. सुई चामड्यातून जातच नाही, म्हणून ओढताना काठ फाटत नाही.

सियागंजकर: एवढा खटाटोप कशाला? आपल्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्या कारागिरांना द्या, घोड्याच्या कानावरसुद्धा चामडं चापून बसवतात.

रापीवाले_काका: हात त्यांचा सोन्याचा, वादच नाही. पण ते काम चिकटवण्याचं. खेळण्यातला घोडा कोणी दोन्ही हातांनी पिळत नाही. वळणावर कव्हर रिंगवर फिरलं तर गाडी कुठे जाईल?

जुनी_फियाट: काका, चाक काढूनच शिवू ना?

रापीवाले_काका: काढूनच. बॅटरीची तार आधी सोडा. नट काढण्यापूर्वी, चाक ज्यावर बसतं तो मधला दांडा आणि चाक यांच्यावर मिळून एक रेघ मारा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. रिंगच्या आडव्या दांड्यांपाशी चामड्याला चीर थोडी कमीच द्या, चढवताना वाढवता येते.