मदत हवी आहे: क्लीव्हड कॅस्पेज-३ चा बँड काही केल्या येत नाही

नमस्कार. मी कोल्हापुरात पीएच.डी. करतेय, दुसरं वर्ष. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर त्या अपॉप्टोसिसने (पेशीच्या स्वतःच्या ठरलेल्या मरणक्रियेने) मरतात, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) दाखवायचंय. त्यासाठी क्लीव्हड, म्हणजे तुटलेल्या, कॅस्पेज-३ ची अँटीबॉडी घेतली. कॅस्पेज-३ हे अपॉप्टोसिस घडवणारं प्रथिन १७५व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी तुटलं की जो मोठा तुकडा सुटतो, तेवढाच ती धरते. अखंड प्रथिनाला चिकटत नाही. बँड १७ आणि १९ किलोडाल्टनला हवेत.

तीन ब्लॉट झाले, तिन्ही कोरे. त्याच मेंब्रेनवर (जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवतात तो पडदा) बीटा-अ‍ॅक्टिन हे तुलनेसाठीचं प्रथिन ४२ ला ठसठशीत येतं. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन फ्लास्कचा तळ सोडताना रोज दिसतात, म्हणजे मरतायत हे नक्की.

१५ टक्के जेल, ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेंब्रेन, अँटीबॉडी १:१०००, रात्रभर ४ अंशाला. पार्सल आलं तेव्हा बर्फ पार वितळला होता, त्यामुळे अँटीबॉडीच गेली असं वाटतंय. वायल निम्मी संपलीय. सरांकडे दुसरी मागायच्या आधी कुणी सांगेल का, काय चुकतंय?

प्रतिसाद १: पेशींवरचं माध्यम (पोषक द्रव) ओतून टाकता का? मरणाऱ्या पेशी त्यातच तरंगत असतात. आधी त्या स्पिन करून घ्या.

धागाकर्ती: पहिल्या वेळी टाकलं होतं. नंतर दोन्ही वेळा गोळा करून लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) घेतलं. तरी कोरंच.

प्रतिसाद २: ताई, थांबा, वायल टाकू नका. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ तयारच होत नाही. त्याच्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधले (प्रथिनाचा संकेत असलेल्या भागातले) ४७ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गळलेले आहेत, १९९८ सालीच ते छापून आलंय. माझेही दोन महिने यातच गेले होते, म्हणून कळकळीने सांगतोय. या पेशींत ते काम बरंचसं कॅस्पेज-७ करतं. तुम्ही क्लीव्हड कॅस्पेज-७ बघा, २० च्या आसपास येईल. सोबत पार्प (कॅस्पेज जे तोडतात ते प्रथिन) लावा: अखंड ११६, तुटलेलं ८९. अँटीबॉडी जिवंत आहे का हे बघायला जर्कट पेशींना (माणसाच्या टी-पेशींचा प्रयोगशाळेतला वाण) अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर ३ तास द्या आणि ते लायसेट शेजारच्या लेनमध्ये चालवा. कॅस्पेज-३ च दाखवायचं असेल तर पेशी बदला, एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या पेशी चालतील.

धागाकर्ती: दादा, खूप खूप आभार. तीन आठवडे मला माझा हातच वाईट वाटत होता. जर्कट आमच्याकडे नाहीत, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे मागणी पाठवते. तोवर जुनंच मेंब्रेन स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन काढून) पार्प लावू का?

प्रतिसाद २: नको. १५ टक्क्यांत ११६ आणि ८९ वरच्या बाजूला जवळजवळ बसतात, नीट सुटत नाहीत. उणे ८० ला लायसेट उरलं असेल तर त्याचंच ८ किंवा १० टक्क्यांचं नवं जेल करा.

धागाकर्ती: उरलंय, चार ट्यूब आहेत. उद्या सकाळीच जेल ओतते.