ज्युनिअर युरोव्हिजन जिंकली, पुढे काय?

तानपुरा: ज्युनिअर, म्हणजे मुलांची युरोव्हिजन जिंकलेल्या मुलीला मोठ्या युरोव्हिजनचं, म्हणजे देशादेशांमधल्या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेचं, दार लगेच उघडतं का? माल्टाच्या डेस्टिनी या गायिकेचं नेमकं कसं झालं?

गाणंवेडा: लगेच कुठलं! ज्युनिअरला आता वय ९ ते १४, मोठ्या स्पर्धेला किमान १६. डेस्टिनी २०१५ मध्ये ज्युनिअर जिंकली, २०१९ मध्ये मोठ्या स्पर्धेत माल्टाच्या गायिकेच्या, मिकेलाच्या, मागे कोरसला होती. २०२० मध्ये एक्स फॅक्टर माल्टा ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकून मोठ्या युरोव्हिजनसाठी निवड झाली, तर कोविडमुळे स्पर्धाच रद्द. २०२१ मध्ये तिथे सातवी आली. ज्युरीचे २०८ गुण, प्रेक्षकांचे जेमतेम ४७! आवाज ज्युरीला पटला, पण घरबसल्या मत देणाऱ्याला एवढ्यानं भागत नाही.

मंद्रसप्तक: कोरसचा तो अनुभव मात्र मोलाचा. गाणं ३ मिनिटांच्या आत, स्टेजवर जास्तीत जास्त ६ जण, मुख्य आवाज लाइव्हच. कोरस २०२१ पासून रेकॉर्ड केलेला चालतो.

नवखी पोरं गर्दीचा आवाज ऐकायला एका कानातला मॉनिटर (स्वतःचा आवाज आणि संगीत ऐकवणारा इअरफोन) काढतात आणि तिथेच घोळ होतो. ३४ मीटरवरच्या स्पीकरचा आवाज साधारण ०.१ सेकंद उशिरा पोचतो. त्याच्यामागे गेलं की ताल सुटलाच. दोन्ही कानांत मॉनिटर ठेवा, गर्दीचा आवाज मॉनिटरमध्येच थोडा मिसळून मागा.