मदत हवी आहे : जुन्या सदनिकेतील स्वयंपाकघर – कडप्प्याचे खण ठेवावेत की पूर्ण मॉड्युलर करावे?

नमस्कार.

पुण्यात कोथरूड परिसरात 1993 साली बांधलेल्या इमारतीत आमची सदनिका आहे. तिचे स्वयंपाकघर दिवाळीनंतर नव्याने करून घेण्याचा विचार असून चिमणी धरून अडीच लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. तीन ठिकाणांहून अंदाज घेतले; परंतु तिघांची मते एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. त्यामुळे ज्यांनी अलीकडे असे काम करून घेतले आहे किंवा जे स्वतः या व्यवसायात आहेत, त्यांचा सल्ला हवा आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. खोली 9 फूट बाय 8 फूट आणि ओटा एल आकाराचा आहे. त्याची दर्शनी लांबी सुमारे 11 फूट भरते. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पाट्या घालून खण केलेले आहेत आणि त्यांत नंतर कधीतरी स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या आहेत. त्यांतील निम्म्या ट्रॉल्या आता अर्ध्यावर अडकतात. ओट्याचा वरचा दगडही कडप्पाच आहे आणि तो चुनखडीचा असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटाने सिंकजवळ पांढुरका पडला आहे. मात्र उभ्या पाट्या इतक्या वर्षांनंतरही ओळंब्यात आहेत. त्यांना वाळवी लागलेली नाही आणि लागणारही नाही.

पहिला प्रस्ताव एका शोरूमचा आहे. सगळे तोडून एचडीएचएमआर (दमटपणा सोसणाऱ्या, दाबून केलेल्या लाकडी) बोर्डाची कपाटे आणि अ‍ॅक्रिलिकची शटर बसवण्याचे ते सुचवतात. अंदाज 3 लाख 80 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. दुसरा प्रस्ताव ओळखीच्या सुतारकाकांचा आहे. तेही खण तोडायला सांगतात, पण कपाटे जागेवर मरीन प्लायमध्ये (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडमध्ये) करून देणार आहेत. दगड आणि चिमणी सोडून 2 लाख 40 हजार. तिसरा प्रस्ताव ट्रॉल्यांचे काम करणाऱ्या गृहस्थांचा असून, उभ्या पाट्या तशाच ठेवून वर ग्रॅनाईट, आत नव्या ट्रॉल्या आणि बाहेरून लॅमिनेटची शटर असे सारे ते 1 लाख 35 हजारांत करू म्हणतात.

माझा कल तिसऱ्या प्रस्तावाकडे आहे आणि त्यामागे केवळ काटकसर नाही. इमारतीतील पाण्याचे मूळ लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाले आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरापुरते तरी सीपीव्हीसी (न गंजणारे प्लॅस्टिकचे) पाइप टाकणे भाग आहे. विजेची वायरिंगही त्या काळातली, म्हणजे मिक्सर आणि फ्रिज एवढाच भार गृहीत धरून केलेली आहे. आज त्याच दोन प्लगांवर मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर आणि घरघंटी असा संसार चालतो. डिशवॉशर घ्यायचा झाला, तर मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार आणि 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट लागेल. टाइल्स आणि ओटा उघडलेला असताना हे झाले नाही, तर पुढे पुन्हा भिंत फोडावी लागेल. शटर चकचकीत आणि आत जुनी तार, हा व्यवहार मला पटत नाही.

आता आधुनिक पद्धतींविषयी. सध्या सगळीकडे हँडल नसलेली शटर, मॅट रंग, उघडी फळ्यांची मांडणी, ओट्यावर पांढरा क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड) आणि हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर यांचे कौतुक दिसते. यांतील मॅट लॅमिनेट मला मनापासून आवडले, कारण चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर बोटांचे ठसे उमटतात आणि आमच्याकडे हात क्वचितच कोरडे असतात. उघड्या फळ्यांचा मोह मात्र आवरला आहे. फोडणीची वाफ आणि रस्त्यावरची धूळ मिळून जो चिकट थर बसतो, तो दर आठवड्याला पुसायला आमच्या घरात कोणी रिकामे नाही.

क्वार्ट्झबाबत मन द्विधा आहे. तो डाग शोषत नाही हे खरे, पण त्यात दगडाची भुकटी राळेने बांधलेली असल्यामुळे तापलेली कढई थेट ठेवली तर डाग किंवा तडा पडू शकतो, असे वाचले आहे. आमच्याकडे कढई गॅसवरून उतरली की ती ओट्यावरच टेकते. सवय बदलेल, या भरवशावर दगड निवडणे धाडसाचे वाटते. रोज भाकरी, तळण आणि पुरणावरणाचा स्वयंपाक करणाऱ्या कोणी क्वार्ट्झ वापरला असल्यास अनुभव सांगावा.

उरला ओट्याच्या उंचीचा प्रश्न. सध्याचा ओटा 30 इंचांचा आहे आणि माझी उंची 5 फूट 7 इंच असल्यामुळे भांडी विसळताना पाठ भरून येते. उभ्या पाट्या ठेवल्या, तर उंची वाढवता येते का? तसेच हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली चार इंची वीटभिंत काढावी, असे शोरूमवाल्यांनी सुचवले आहे. ते कितपत शहाणपणाचे आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

या व्यवसायात असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पाट्या ओळंब्यात असतील तर त्या तोडू नका. मात्र ट्रॉल्या अडकण्याचे कारण नीट तपासा. बॉलबेअरिंगच्या चॅनेलला (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीला) दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, आणि ती पुढून मागेपर्यंत सारखी असावी लागते. गवंड्याने बसवलेल्या पाट्यांमध्ये पुढे आणि मागे काही मिलिमीटरचा फरक हमखास असतो. चॅनेल थेट कडप्प्यावर ठोकले की तो फरक ट्रॉलीला भोवतो. प्रत्येक पाटीला आतून मरीन प्लायच्या पट्ट्या लावून, खालीवर चकत्या घालून अंतर सारखे करून घ्यावे आणि मगच चॅनेल बसवावे. पाटीला भोक पाडताना ड्रिल हातोडीच्या मोडवर ठेवू देऊ नका. कडेजवळ दगड तडकतो.

ट्रॉल्यांचे स्टील गंजाला टिकणाऱ्या 304 प्रतीचे आहे, असे बिलावर लिहून घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304, असे दाखवले जाते. पण स्वस्त 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. गंज धरतो तो या 202 लाच, विशेषतः ओली भांडी ठेवायच्या ट्रॉलीत. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहावा. आयएस 303 चा साधा प्लाय सिंकखाली वापरू नये.

अंदाजांची तुलना करताना चौरस फूट कसे मोजले, ते विचारा. 11 फूट लांब आणि अडीच फूट उंच दर्शनी भाग साडेसत्तावीस चौरस फूट होतो. काही जण एवढेच मोजतात, तर काही जण आतले कप्पे आणि बाजू धरून मोजतात. त्यामुळे स्वस्त दिसणारा दर बिल येईपर्यंत स्वस्त राहीलच असे नाही.

प्रतिसाद 2

ताई, उंचीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सगळा ओटा एकाच उंचीचा असावा, हा आग्रह मुळात सोडावा. सिंकमध्ये हात तळापर्यंत जातात, म्हणून ती बाजू उंच हवी. शेगडीची बाजू मात्र कमी चालते, कारण शेगडीचे तीन-चार इंच आणि त्यावरच्या पातेल्याची उंची त्यात मिळतेच. आम्ही सिंकच्या बाजूच्या पाट्यांवर दगडी पट्ट्या बसवून वरचा ग्रॅनाईट चार इंच चढवला आणि शेगडीचा भाग 30 इंचांवरच ठेवला. दोन्हींच्या मधल्या पायरीला ग्रॅनाईटची उभी पट्टी लावली की घाण साचत नाही. फक्त हॉब, म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायची शेगडी, घेणार असाल तर हे गणित बदलते, कारण तो जवळजवळ सपाट असतो आणि मग ती बाजूही दोन-तीन इंच वर घ्यावी लागते.

क्वार्ट्झ आमच्याकडे जेवणाच्या टेबलाशेजारच्या काउंटरवर आहे, शेगडीजवळ नाही. तिथे तो उत्तम टिकला आहे. शेगडीखाली काळा ग्रॅनाईटच बरा.

घरघंटीची जागा आताच ठरवा. ती चाकांवर असली तरी जड असते. तिच्यासाठी एक खण तळाशी फळी न घालता मोकळा ठेवला आणि प्लग त्याच्या वर, हाताशी दिला, तर दळण झाल्यावर ती आत ढकलता येते. पीठ उडते, म्हणून शेजारचा खण ताटाळ्याला देऊ नये.

प्रतिसाद 3

भिंतीबद्दल. चार इंची भिंत बहुधा भार घेणारी नसते, परंतु बहुधा या शब्दावर घण घालू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी दोन्ही घ्या. पाइपचा गॅस असल्यास ती नळी सुताराकडून किंवा प्लंबरकडून हलवू नका आणि बंद कपाटात झाकूनही टाकू नका. ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच होते आणि त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करावा. चिमणीची नळी जितकी आखूड आणि कमी वळणांची, तितकी ती चांगली ओढते. शेगडी बाहेरच्या भिंतीलगत आहे का, ते पाहा. मिरचीच्या फोडणीचा ठसका हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पोचू नये असे वाटत असेल, तर भिंत पूर्ण काढण्याऐवजी ओट्यावरच्या भागात सरकती काच बसवता येते. उजेड मिळतो आणि वासही अडतो.

मूळ लेखिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेगडी बाहेरच्याच भिंतीला आहे, त्यामुळे चिमणीची नळी सरळ निघेल. हॉब घेत नाही. सिंकची बाजू उंच करण्याचे पक्के केले असून ट्रॉलीवाल्यांना प्लायच्या पट्ट्या धरून नवा अंदाज मागितला आहे. सरकत्या काचेबाबत एक शंका राहते. काच अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत खालच्या पन्हळीवर सरकणारी घ्यावी की वरून टांगलेली? पन्हळीत तेलकट कचरा अडकेल अशी धास्ती आहे, आणि टांगलेल्या काचेचा भार वरच्या वीटकामाला पेलवेल का, हे कळत नाही. कोणी बसवली असल्यास कृपया कळवावे.